चार दिवसांत अंदमान: मुलांसह जाणाऱ्यांसाठी

ताई, हॅवलॉक बेटासोबत नील बेटही करायचं का, विचारलंत ना? नागपूरहून डिसेंबरात चार दिवस, सोबत दोन मुलं आणि सासूबाई, म्हणजे नील नकोच. हॅवलॉकचं (आता स्वराज द्वीप) रिसॉर्ट एकच धरा. आम्ही दोन्ही बेटं घेतली होती. चेन्नईला विमान बदलायचं, मग बोटी, सामानाची चढउतार. मुलांच्या वाट्याला समुद्र जेमतेम आला, याचं मला अजून वाईट वाटतं.

महत्त्वाचं म्हणजे वेळ. अंदमान आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. डिसेंबरात तिथं पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. आपण इथे नागपुरात फुटाळा तलावावर साडेपाचला निवांत सूर्यास्त बघतो, त्या सवयीने निघालात तर हॅवलॉकच्या राधानगर बीचवर अंधारच भेटेल. दुपारी तीनलाच निघा. पहाट मात्र लवकर होते, मुलांना साडेपाचला उठवाच.

भरती-ओहोटीची वेळ रिसॉर्टवर रोज विचारा, ती दररोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. आपली मुलं अंबाझरी तलावाच्या काठावर वाढलेली, लाटेची ओढ त्यांना ठाऊक नसते. गुडघाभर पाण्यातही हात सोडू नका.

आणि शंख-प्रवाळ पिशवीत भरू देऊ नका, प्रवाळाला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

परतीच्या आधीची रात्र पोर्ट ब्लेअरलाच (आता श्री विजयपुरम) काढा, विमान तिथूनच आहे. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात.

सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? त्यावरून बोटीचं सांगते.