मदत हवी आहे: दर सतरा मिनिटांनी डीयूची पॅकेट्स उशिरा

नमस्कार मंडळी. पुण्यात आमच्या लॅबमध्ये ५जीचा छोटा सेटअप लावलाय. ओपनएअरइंटरफेस (५जीचं ओपन-सोर्स सॉफ्टवेअर), साध्या एक्स८६ सर्व्हरवर कुबरनेटिसच्या पॉडमध्ये (कंटेनरमध्ये) डीयू, म्हणजे बेस स्टेशनचा रेडिओला वेळेवर पॅकेट्स पाठवणारा भाग, ७.२ स्प्लिट (डीयू आणि रेडिओमधली कामाची वाटणी), एन७८ बँड. वेळ पीटीपीने (नेटवर्कवरून अचूक वेळ देणारा प्रोटोकॉल) स्विचकडून येते. फोन जोडला जातो, डेटा मस्त चालतो, आणि मध्येच दोन-तीन सेकंद रेडिओच्या काउंटरमध्ये उशिरा आलेली पॅकेट्स धडाधड वाढतात. फोन सुटतो, परत जोडतो. घड्याळ लावून बसलो, तर दर सतरा मिनिटांच्या आसपास हेच.

रिअलटाइम कर्नल आहे, डीयूसाठी कोअर वेगळे काढलेत, सी-स्टेट (सीपीयूची झोप) बंद, ह्यूजपेजेस (मेमरीची मोठी पानं) १ जीबीची. सायक्लिकटेस्ट (थ्रेड किती उशिरा उठतो ते मोजणारी चाचणी) रात्रभर चालवली, उशीर जास्तीत जास्त ९ मायक्रोसेकंद. मग घोडं अडतंय कुठे?

शिवाय सर म्हणतात, एसीचं बिल फार येतं, सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरलाच नेऊ. जमेल?

प्रतिसाद १
सरांना सांगा, नाही. फायबरमध्ये किलोमीटरला साधारण ५ मायक्रोसेकंद जातात. पुणे-मुंबई १५० किमी धरलं तरी जातानाच ७५०, आणि ३० किलोहर्ट्झच्या सबकॅरिअर अंतराला अख्खा स्लॉटच (रेडिओचा वेळेचा एक तुकडा) ५०० मायक्रोसेकंदांचा. सीयू (बेस स्टेशनचा वरचा, वेळेची एवढी घाई नसलेला भाग) खुशाल न्या, एफ१ ला, म्हणजे सीयू-डीयूमधल्या जोडणीला, काही मिलिसेकंद चालतात. डीयू मात्र रेडिओच्या वीसेक किलोमीटरमध्येच हवा.

प्रतिसाद २
सतरा मिनिटं म्हणजे १०२४ सेकंद. क्रोनी (इंटरनेटवरून वेळ घेऊन सिस्टिमचं घड्याळ लावणारी सर्व्हिस) चालू आहे का बघा हो! काही बदललं नसेल तर त्याचा सगळ्यात लांब पोल, म्हणजे वेळ विचारण्यातलं अंतर, तेवढाच असतो. पीटीपीसोबतचा पीएचसी२सिस प्रोग्राम नेटवर्क कार्डच्या घड्याळावरून सिस्टिमचं घड्याळ लावतोय आणि क्रोनी इंटरनेटवरून. एकाच घड्याळाला दोघं किल्ली देतायत. पॅकेट कधी सोडायचं हे डीयू त्याच घड्याळावर ठरवतो. सायक्लिकटेस्टला यातलं काही दिसत नाही, थ्रेड वेळेवर उठला की ती खूश.

क्रोनी बंद केल्यावर ३७ सेकंदांकडे लक्ष ठेवा. पीटीपी टीएआय (लीप सेकंद न धरणारी अणुघड्याळांची वेळ) देतो, यूटीसी (रोजच्या वापरातली जागतिक वेळ) त्याच्या तेवढी मागे आहे.

धागाकर्ता
होतं राव, चालूच होतं! ओएस टाकतानाच आलेलं दिसतंय. बंद करून दीड तास झाला, काउंटर हलला नाही. आता रीबूटनंतर परत उठू नये म्हणून सर्व्हिस मास्क करू (सुरूच होऊ नये अशी अडवून ठेवू) की पॅकेजच काढून टाकू?