कॅनडात कायमचं जायचंय तर भर हिवाळ्यातच जा, मे महिन्याची वाट बघू नका

प्रेअरीकर:
पीआर (कॅनडात कायमचं राहायची परवानगी) हातात आला की सगळ्यांचा पहिला सल्ला ठरलेला, "एप्रिल-मे मध्ये जा, हिवाळ्यात हाल होतील." मला हा सल्ला अजिबात पटत नाही आणि इतकी माणसं तो डोळे झाकून पाळतात म्हणून हा धागा काढतोय. विनिपेग, एडमंटन, सास्काटून, रेजायना असल्या प्रेअरीतल्या, म्हणजे कडक थंडीच्या मैदानी भागातल्या ठिकाणी राहायला जाणार असाल तर जानेवारी-फेब्रुवारीत जा असं माझं ठाम मत आहे.

मुख्य कारण घर. या दिवसांत घर बदलणारे लोक कमी, त्यामुळे रिकामं युनिट घेऊन बसलेला घरमालक जरा ऐकून घेतो, एखाद्या महिन्याचं भाडं सोडतो किंवा पार्किंगचे पैसे लावत नाही. तेच ऑगस्टमध्ये बघा, कॉलेजची पोरं शहरात उतरलेली असतात आणि एकेका घरामागे रांग. पण पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे घर कसं आहे ते थंडीतच कळतं. जुलैमध्ये बेसमेंट बघायला गेलात तर मस्त थंडगार वाटतं, लगेच सही करावीशी वाटते. जानेवारीत त्याच बेसमेंटच्या खिडकीला आतल्या बाजूने बर्फाची कड धरलेली असते, चौकटीजवळ हात नेला की वारा लागतो, आणि भिंतीच्या तळाशी लावलेला बेसबोर्ड हीटर फुल केला तरी बाहेरच्या बाजूची भिंत गार ती गारच. असं घर बघायला गेलात की थर्मोस्टॅट कुठेय ते आधी विचारा, कारण पुष्कळ घरांत तो वरच्या मजल्यावरच्यांच्या ताब्यात असतो आणि ते दिवसभर कामावर गेले की खाली तुम्ही कुडकुडत बसायचं. हीटिंग भाड्यात धरलंय की वेगळं बिल येतं तेही विचारा. जिन्यावरचा बर्फ कोण काढतं, पार्किंगच्या खांबाला ब्लॉक हीटर (थंडीत गाडीचं इंजिन गरम ठेवणारा) लावायचा प्लग आहे का आणि त्याला करंट येतो का, हे सगळं जानेवारीत समोर दिसतं. उन्हाळ्यात नुसती आश्वासनं मिळतात.

आता नोकरी. "हिवाळ्यात जॉब नसतात" हे अर्धसत्य आहे. बांधकाम मंदावतं हे खरं, पण अल्बर्टा प्रांताच्या (एडमंटन इथेच) उत्तर भागात तेलाच्या ड्रिलिंगचा भर सीझनच हिवाळा असतो, कारण तिथली दलदलीची जमीन गोठल्याशिवाय जड मशिनरी आत नेताच येत नाही. वसंतात जमीन वितळून मऊ झाली की रस्त्यांवर वजनाचे निर्बंध येतात आणि रिगची, म्हणजे ड्रिलिंग यंत्रांवरची कामं थांबतात. म्हणजे त्या कामासाठी मे मध्ये पोचलेला माणूस नेमका मंदीत पोचतो.

बॅगभरो:
पूर्ण असहमत. तुमचं सगळं गणित एकट्या धडधाकट माणसाचं आहे. लहान मुलं घेऊन उतरणाऱ्याने काय करायचं? विनिपेगला जानेवारीत रात्रीचं तापमान सरासरी उणे २०च्या आसपास असतं, त्यात वारा. विंड चिल (वाऱ्यामुळे जाणवणारी थंडी) उणे २८च्या खाली गेलं की उघड्या कातडीला १० ते ३० मिनिटांत फ्रॉस्टबाइट, म्हणजे हिमदंश होऊ शकतो आणि उणे ४०ला तर ५ ते १० मिनिटं पुरतात. नवीन माणसाकडे गाडी नसते, तो घरं बघायला बसने फिरणार, बस चुकली की पुढचीसाठी स्टॉपवर उभा राहणार, सोबत पोरगं. एडमंटनला डिसेंबरअखेर सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि सव्वाचारला मावळतो, म्हणजे घरं बघायला उजेड तरी किती मिळतो सांगा.

दुसरं, घरमालक ऐकून घेतो म्हणता, पण कोणाचं? ज्याच्याकडे जॉब लेटर आणि क्रेडिट स्कोअर आहे त्याचं. नव्याने आलेल्याकडे दोन्ही नसतं. तो भाडं कमी करून मागण्याच्या परिस्थितीतच नसतो, मिळेल ते घेतो, आणि हिवाळ्यात तर अजूनच, कारण हॉटेलचं बिल रोज चढत असतं. उन्हाळ्यात निदान एखादी खोली शेअर करून, पायी फिरून, शांतपणे शोधता येतं.

रिगचं उदाहरण तर सोडाच. ती कामं करायला सेफ्टी तिकिटं, म्हणजे सर्टिफिकेटं लागतात, एचटूएस अलाइव्हसारखा (विषारी वायूपासून बचावाचा) कोर्स लागतो, कॅम्पवर आठवडेच्या आठवडे राहावं लागतं. इथे धागा वाचणाऱ्यांपैकी किती जण ते करणार आहेत? अकाउंटंट, नर्स, टेस्टर अशा लोकांना याचा काय उपयोग?

माँट्रियलची_मी:
क्युबेक प्रांतात, म्हणजे माँट्रियलकडे येणाऱ्यांनी प्रेअरीकरांचं ऐकू नका. इथे बहुतेक लीज ३० जूनला संपतात आणि १ जुलैला अख्खं शहर घरं बदलत असतं, रस्त्यात सोफे आणि फ्रिज. मग १ जुलैच्या घरांसाठी शोध फेब्रुवारी-मार्चपासूनच सुरू होतो. जानेवारीत लगेच राहायला मिळणारी घरं थोडी असतात आणि त्यात कोणी अर्ध्यावर सोडून गेलेली बरीच. मधल्या काळासाठी सबलेट (दुसऱ्या भाडेकरूकडून तात्पुरती भाड्याने जागा) घ्या आणि जुलैचं घर शोधत राहा, हा मार्ग जास्त सोयीचा.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, इथे घरमालकाला डिपॉझिट मागता येत नाही, कायद्यानेच मनाई आहे. फक्त पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ मागू शकतो. आणि लीजच्या छापील फॉर्ममध्ये सेक्शन जी असतो, त्यात आधीच्या बारा महिन्यांत त्या घराचं सगळ्यात कमी भाडं किती होतं ते घरमालकाने लिहायचं असतं. तो रकाना रिकामा सोडलेला दिसला तर सही करायच्या आधी विचारा. आणि गाडी घेणार असाल तर १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत, तो खर्च धरून चला.

रात्रपाळी:
तुम्ही दोघं जानेवारी का मे यावर भांडताय, मला विचाराल तर ऑक्टोबर. बर्फ काढणारे कंत्राटदार माणसं घेतात ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पहिला बर्फ पडायच्या आधी, जानेवारीत त्यांच्या टीम भरलेल्या असतात. वेअरहाऊस आणि दुकानांचंही तसंच, नाताळच्या आधी भरती जोरात आणि जानेवारी लागला की तात्पुरत्या लोकांना घरी पाठवतात. म्हणजे जानेवारीत उतरणारा माणूस त्याच रांगेत उभा राहतो जिथे नुकतेच सुटलेले लोक आधीच उभे आहेत. बर्फाचं काम सोपं नाही हे पण सांगतो, रात्री दोनला फोन येतो, बर्फ पडला नाही तर त्या रात्रीचे पैसे नाहीत (काही जण महिन्याचं ठरवून देतात, ते आधीच बोलून घ्या). पण हातात पहिली पे स्लिप येते आणि घर बघायला गेलं की ती पे स्लिपच बोलते.

घर आणि काम दोन्ही एकदम हवं असेल तर बॅन्फ, व्हिसलर इकडची हॉटेलं आणि स्की रिसॉर्ट बघा. बरेच जण स्टाफला राहायची जागा देतात, भाडं पगारातून कापतात. खोली शेअर करावी लागते. त्यांचीही हिवाळ्याची भरती शरद ऋतूतच होते.

प्रेअरीकर:
@बॅगभरो, मुलांचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाहीये. पण त्याचा उपाय सगळ्यांनी मे पर्यंत थांबणं हा नाही. ज्याच्या नावावर मुख्य अर्ज आहे त्याने आधी एकट्याने येऊन लँडिंग (पीआर म्हणून पहिला प्रवेश) करावं, घर आणि काम लावावं, मग बाकीच्यांनी यावं, फक्त व्हिसाच्या मुदतीत.

अकाउंटंटचंही सांगतो. बऱ्याच ऑफिसांत डिसेंबरमध्ये काही हलत नाही आणि जानेवारीत नवं बजेट आलं की जागा निघायला लागतात. टॅक्सचा सीझन तर फेब्रुवारी ते एप्रिल, रिटर्न भरायची मुदत ३० एप्रिल. टॅक्स भरून देणाऱ्या ऑफिसांना माणसं लागतात ती मे मध्ये की फेब्रुवारीत, तुम्हीच सांगा. नर्सचं लायसन्स मात्र कोणत्याच ऋतूत पटकन होत नाही, ते काम आपल्या देशात असतानाच सुरू करायला हवं.

@रात्रपाळी, ऑक्टोबरचा मुद्दा जोरदार आहे, पण ऑक्टोबरात घर बघितलं तर खिडकीतून येणारा वारा कळणार नाही.

तळमजला:
कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. जानेवारीत एक वर्षाची लीज केली की ती संपते पण जानेवारीतच. म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा उणे ३० मध्ये सामान हलवायचं. अल्बर्टात ठरावीक मुदतीची लीज त्या तारखेला आपोआप संपते, घरमालकाने नवी दिली नाही तर बाहेर. म्हणून सही करतानाच सहा किंवा अठरा महिन्यांची मागा म्हणजे शेवट उन्हाळ्यात येईल. ओंटारिओत (टोरांटोचा प्रांत) हा त्रास नाही, मुदत संपली की लीज महिन्या-महिन्याने चालू राहते आणि सोडायची असेल तर ६० दिवस आधी लेखी कळवायचं.

डिपॉझिटही प्रांताप्रांताला वेगळं. अल्बर्टात जास्तीत जास्त एक महिन्याचं भाडं, मॅनिटोबात (विनिपेगचा प्रांत) अर्ध्या महिन्याचं, ओंटारिओत फक्त शेवटच्या महिन्याचं भाडं आगाऊ, मोडतोडीच्या नावाखाली काही नाही. आमच्या ओळखीतल्या एका नव्या जोडप्याकडून ओंटारिओतल्या एका घरमालकाने सहा महिन्यांचं आगाऊ भाडं मागितलं, कारण काय तर इथली क्रेडिट हिस्टरी नाही. असं मागणं बेकायदेशीर आहे, आणि नवीन माणसाला क्रेडिट हिस्टरी नसणं हे तिथे त्याच्याविरुद्ध धरायचं नसतं. पण नवीन माणसाला हे कुठून माहीत असणार, बिचारे भरायला निघाले होते.

आणि घर न बघता ई-ट्रान्सफरने (ऑनलाइन) पैसे पाठवू नका. कितीही घाई असो, कितीही थंडी असो. "मी सध्या परदेशात आहे, चावी कुरियर करतो" असं म्हणणाऱ्याला तर उत्तरही देऊ नका.

बॅगभरो:
हेच तर मी म्हणतोय, थंडीत माणूस घाईत असतो आणि घाईतल्या माणसाला फसवणं सोपं. @प्रेअरीकर, एकट्याने आधी जाण्याचं म्हणाल तर तेवढं मान्य, पण दोन ठिकाणचा संसार चालवायचा खर्च प्रत्येकाला झेपत नाही. ज्याला झेपत नाही त्याने मे मध्येच जावं, यावर मी ठाम आहे.

प्रेअरीकर:
ठीक, मग मे मध्ये जाणाऱ्यांसाठी एवढं सांगतो. घर बघायला गेलात की घरमालकाकडे मागच्या जानेवारी-फेब्रुवारीची गॅसची आणि विजेची बिलं मागा, आणि आता राहणारा भाडेकरू भेटला तर त्याला बाजूला घेऊन विचारा की हिवाळ्यात तो कोणत्या खोलीत झोपायचा.