बाळंतपणाची रजा २६ आठवडे, पण आधी नोकरी तर मिळू दे

हेमाली_चिखली:
गेल्या महिन्यात एका कंपनीत मुलाखत दिली. कामाबद्दल दहा मिनिटं बोलणं झालं, मग "लग्नाला किती वर्षं झाली? मुलाचं काय ठरवलंय?" माझा नवराही सध्या मुलाखती देतोय, त्याला हे एकदाही कुणी विचारलेलं नाही. २०१७ च्या दुरुस्तीने रजा १२ वरून २६ आठवडे झाली, ती हवीच होती. पण पगाराचा भार एकट्या मालकावर टाकल्यामुळे नोकरीतली बाई सांभाळली जाते आणि दारातली दारातच राहते. पटतंय का?

भोसरीवाला:
अगदी पटतंय, मी तो मालकच आहे. १८ माणसांचं वर्कशॉप. क्वालिटीत ३५ हजारांवर मुलगी घेतली आणि ती रजेवर गेली तर दोन लाख दहा हजार, वर बदली माणसाचा पगार वेगळा. मोठ्या कंपनीला हे जाणवतही नाही. मी आधी विचारलं तर गुन्हा झाला का?

सुनंदा_नाशिक:
नुसतं विचारल्याने नाही, पण त्यावरून डावललंत तर हो. बाई म्हणून भरतीत डावलायला १९७६ च्या समान वेतन कायद्यानेच मनाई केली, २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे. १९९४ साली मी बाळंतीण असताना कामावरून काढल्याचं पत्र घरी आलं. मातृत्व लाभ कायद्याचं कलम १२ दाखवलं, रजेवर असताना काढता येत नाही म्हणून. आठ दिवसांत पत्र मागे घेतलं. त्या पगारावर घर चालत होतं हो. कायद्यात खोट काढताना हे विसरू नका.

भोसरीवाला:
ताई, तुमच्या हातात पत्र होतं. हेमालीताईंच्या हातात काय आहे? "नंतर कळवतो" एवढंच. त्यावर कुठे दाद मागणार?

कामगार_अभ्यासक:
ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना बघा. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या विमाधारक बाईला रजेचे पैसे या योजनेचं सरकारी महामंडळ देतं. त्याच्या वर गेलं की सगळं मालकावर. म्हणजे भोसरीवाल्यांच्या मशीनवरच्या बाईचा खर्च वाटला जातो, क्वालिटीतल्या मुलीचा नाही. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात याच विषयावरच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. आंबेडकरांनी हा भार बराचसा सरकारने उचलावा, हे मान्य केलं होतं. १९२९ चा कायदा झाला तो मात्र मालकावर भार टाकूनच.

सुनंदा_नाशिक:
सरकारी निधी म्हणजे ओल्या बाळंतिणीने फॉर्म घेऊन फेऱ्या मारायच्या. मला नाही पटत. मालक समोर असतो, त्याला धरता येतं.

हेमाली_चिखली:
भोसरीवाले, पगार निधीतून आला तर मला तो प्रश्न विचाराल?

भोसरीवाला:
खोटं बोलत नाही. सहा महिने ती जागा कोण सांभाळणार ही काळजी राहणारच. पण तेवढ्यासाठी चांगली मुलगी सोडणार नाही. आज सोडतो.

सुनंदा_नाशिक:
हेमाली, त्या कंपनीला ईमेल कर. निवड का झाली नाही ते विचार, आणि मुलाखतीत मुलाबद्दल विचारलं होतं हेही त्यात तारखेसकट लिही.