जंगलाच्या बदल्यात लावलेली झाडं नक्की कुठे आहेत, हे कसं शोधायचं?

नदीकाठ: आमच्या तालुक्यातून चौपदरी रस्ता गेला, त्यात वनखात्याची बरीच जमीन गेली. परवानगीत लिहिलंय म्हणे की बदल्यात दुसऱ्या जिल्ह्यात पर्यायी वनीकरण होणार, पैसेही कॅम्पात, म्हणजे पर्यायी वनीकरणाच्या सरकारी निधीत, भरलेत. पण रोपवन नेमकं कुठल्या गावात, रोपं जगली का, हे विचारायला गेलं की इथले म्हणतात तिथे विचारा आणि तिथले म्हणतात फाइल इथेच. साध्या माणसाला हे तपासता येतं का?

माळरान: येतं, चिकाटी हवी. परिवेश पोर्टलवर (केंद्र सरकारची पर्यावरण आणि वन मंजुऱ्यांची वेबसाइट) रस्त्याचा प्रस्ताव शोधा, मंजुरीच्या पत्रात अटी असतात आणि वनीकरणाची जागा बहुतेक वेळा जमिनीच्या गट नाहीतर वनखात्याच्या कक्ष क्रमांकासकट मिळते, केएमएल फाइल (जागेच्या हद्दीचा डिजिटल नकाशा) मिळाली तर गुगल अर्थवर टाकून जुने फोटो बघा, कारण तिथे आधीपासूनच झाडी असेल तर नवीन काय लावलं हा प्रश्न उभा राहतो. मग त्याच जिल्ह्याच्या उपवनसंरक्षक कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. रोपवन नोंदवही, दर वर्षीची जिवंत रोपांची टक्केवारी आणि खर्च, असं नाव घेऊन मागा. मोघम विचारलं तर मोघमच उत्तर येतं.

हिशेबवही: सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगचा पर्यायी वनीकरणावरचा २०१३ चा अहवाल जरूर वाचा. २००६ ते २०१२ मध्ये देशभरात गेलेल्या जंगलाच्या बदल्यात वनखात्याला सुमारे १,०३,३८२ हेक्टर बिगरवन जमीन मिळायला हवी होती, मिळाली २८,०८६ आणि वनीकरण झालं फक्त ७,२८१ हेक्टरवर. त्यानंतर या निधीसाठी २०१६ चा कायदा आला, २०१९ मध्ये त्यातली ४७,००० कोटींहून जास्त रक्कम राज्यांकडे गेली. पैसे किती आले ते कळतं हो, पण त्या पैशातून जंगल उभं राहिलं का हे बाहेरच्या कोणी जाऊन मोजल्याशिवाय कसं कळणार? खात्यानेच लावायचं आणि खात्यानेच पास करायचं, हे मला अजिबात पटत नाही.

पळसगाव: आमच्या गडचिरोलीकडचं वेगळंच दुखणं आहे. कागदावर "रिकामी" दिसणारी जागा गावाच्या चराईची, तेंदू-मोहाची असते, सामूहिक वनहक्कात (वनहक्क कायद्याने अख्ख्या गावाला मिळणारा हक्क) मिळालेली पण असू शकते, आणि तिथे ग्रामसभेला न विचारता कुंपण घालून साग लावला तर गुरं न्यायची कुठे? त्यामुळे ग्रामसभेचा ठराव झाला होता का हेही अर्जात विचारा.

सिडनीकर: इथे ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात जैवविविधतेच्या क्रेडिट्सचा चक्क बाजार आहे, म्हणजे एकीकडे निसर्गाचं नुकसान करणारा दुसरीकडे राखलेल्या निसर्गाचं क्रेडिट विकत घेतो. सार्वजनिक रजिस्टर आहे, तरी २०२२ मध्ये इथल्या ऑडिटर जनरलने पारदर्शकता कमी पडते असं स्पष्ट लिहिलं. आणि बिल्डरला निधीत पैसे भरून मोकळं होता येतं, ते क्रेडिट मिळवायची जबाबदारी मग सरकारी ट्रस्टवर. पोर्टल असलं म्हणजे देखरेख झाली असं समजू नका.

नदीकाठ: खूप आभार सगळ्यांचे. पत्र सापडलं, गावाचं नावही आहे पण गट क्रमांक नाही. अर्ज त्या जिल्ह्यात करू की इथल्या?

माळरान: दोन्हीकडे. फी १० रुपये, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर लगेच पहिलं अपील करा. आणि उत्तर आलं की इथे टाका, त्या भागातलं कोणीतरी जाऊन बघू शकेल.