नाशिकच्या नाल्यांचे सरकारी नकाशे एकमेकांवर बसतच नाहीत, खात्याखात्यांत डेटा द्यायची-घ्यायची काही पद्धत आहे का?

गंगेकाठी:
नमस्कार मंडळी. आम्ही काही जण मिळून नासर्डी, वाघाडी, वालदेवी आणि त्यांना येऊन मिळणारे छोटे नाले यांचा एक नकाशा करतोय. २०२७चा सिंहस्थ जवळ आलाय, तेव्हा घाण पाणी गंगेत (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो) नेमकं कुठून उतरतं, नाल्याचं मूळ पात्र कुठून होतं आणि आज त्यावर काय उभं आहे हे एका नकाशावर दाखवता आलं तर हरकत घेताना हातात काहीतरी ठोस असेल.

अडचण अशी की पूररेषा एका खात्याकडे, विकास आराखडा दुसऱ्याकडे, गट नंबरचे नकाशे तिसऱ्याकडे, वनहद्द चौथ्याकडे. एका ऑफिसातून स्कॅन केलेली पीडीएफ मिळाली, तीही तिरकी. दुसरीकडून शेपफाइल (नकाशाची डिजिटल फाइल) मिळाली पण क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की नाला शेजारच्या सोसायटीच्या पार्किंगमधून जातो, आणि गावांच्या नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. मूळ फाइल मागितली तर म्हणे त्या खात्याचं पत्र आणा. म्हणजे दोन्ही खाती सरकारचीच, नदीही एकच, आणि पत्र आणायचं आम्ही.

बरं हे शहरापुरतं असतं तरी चाललं असतं. आपल्या जिल्ह्यातून गोदावरी पूर्वेला पार तेलंगणा-आंध्रात जाते आणि दिंडोरी तालुक्यात उगम पावलेली दमणगंगा पश्चिमेला गुजरात आणि दादरा-नगर हवेलीत. वरचं राज्य, खालचं राज्य, केंद्र, महापालिका, सगळ्यांचे नकाशे वेगळे असतील तर प्रदूषण किंवा पुराचं धोरण ठरवतात तरी कशावर? बाहेरच्या देशांत हे कसं करतात, आणि आपल्याकडे काही नियम आहे का, कुणाला माहीत असेल तर सविस्तर सांगा.

शंकूसाखळी:
मी भूकरमापक होतो, आता निवृत्त आहे. तुमच्याकडे दोन वेगळ्या चुका एकत्र झालेल्या दिसतात, त्या आधी सुट्या करा.

पहिली. जुन्या टोपोशीट (सर्वे ऑफ इंडियाचे नकाशे) एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर, काढलेल्या आहेत आणि जीपीएस, गूगल वगैरे डब्ल्यूजीएस ८४ या नव्या मापावर चालतात. फाइलसोबत, कोणतं माप वापरलंय ते सांगणारी पीआरजे नावाची छोटी फाइल नसेल तर सॉफ्टवेअर काहीतरी गृहीत धरतं आणि आपल्या भागात सगळं साधारण शंभर मीटरने सरकतं. ओळखायची खूण अशी की सगळीकडे एकाच दिशेला, एकाच अंतराने सरकलेलं दिसेल. हे दुरुस्त करायला पाच मिनिटं लागतात, थराला (म्हणजे नकाशावर चढवलेल्या त्या फाइलला) योग्य मापाची प्रणाली द्यायची, क्यूजीआयएसच्या यादीत कल्याणपूर १९७५ म्हणून सापडेल. हाताने ओढून बसवू नका.

दुसरी चूक खरी त्रासाची. गाव नकाशे हे ३३ फुटी साखळीने मोजलेले, त्यांच्यावर अक्षांश-रेखांश नाहीतच. त्या काळी गरज होती शेतसारा ठरवायची, त्यामुळे गावाच्या आतलं क्षेत्र चोख पण शेजारच्या गावाच्या शिवेशी कडा जुळेलच असं नाही. दोन नकाशे शेजारी ठेवले की मध्ये फट पडते नाहीतर एकावर एक चढतात. म्हणून प्रत्येक गावाचा नकाशा स्वतंत्र बसवायचा. खुणा घेताना शिवेचे दगड, जुन्या विहिरी, देवळं, वाटांचे तिठे घ्या. नाल्याचा काठ खूण म्हणून कधीच घेऊ नका, तोच तर तुम्हाला तपासायचाय, त्यालाच खिळा ठोकला तर नाला कधी सरकलेला दिसणारच नाही.

आणि प्रत्येक थरावर साल लिहा. कोणत्या सालचं मोजमाप हे ज्या नकाशावर नाही तो नकाशा हरकतीत टिकत नाही.

नकाशेवाली:
काकांनी तांत्रिक भाग छान सांगितला, मी दुसऱ्या प्रश्नावर लिहिते. मी काही वर्षं युरोपात जीआयएसचं, म्हणजे संगणकावरच्या नकाशांचं, काम केलंय, तिथे युरोपीय संघाचा इन्स्पायर नावाचा निर्देश आहे, २००७ साली लागू झाला, आणि तो आणायचं कारणच पर्यावरण धोरण होतं. डॅन्यूबचं पाणलोट क्षेत्र १९ देशांत पसरलेलंय, प्रत्येकाने नदी आपापल्या पद्धतीने काढली तर सीमेवर नदी तुटते, एका बाजूला वाहते आणि दुसऱ्या बाजूला नकाशात नसतेच. तर त्यांनी ३४ विषय ठरवले, पाणी, संरक्षित क्षेत्रं, माती, जमीन वापर, पत्ते, भूखंड असे, आणि प्रत्येक विषयाचा डेटा कोणत्या साच्यात द्यायचा ते बांधून दिलं.

मला त्यातल्या दोन गोष्टी फार महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे नवीन डेटा गोळा करा असं तो निर्देश सांगतच नाही, जो डिजिटल डेटा तुमच्याकडे आहे त्याचं वर्णन करा, तो कुणाचा, कधीचा, किती अचूक ते लिहा आणि सेवा म्हणून खुला ठेवा. दुसरं म्हणजे एका सरकारी खात्याने दुसऱ्या सरकारी खात्याला डेटा देणं हे कायद्याने कर्तव्य केलं. साहेब बदलले, पत्र हरवलं, ओळख नाही, असलं काही आड येऊ नये म्हणून. म्हणजे फाइल पेनड्राइव्हवर फिरत नाही, मूळ खात्याच्या सर्व्हरवरून थर थेट दिसतो आणि त्यांनी दुरुस्त केला की सगळ्यांकडे दुरुस्त. अर्थात तिथेही हे पटकन झालं नाही, वेळापत्रकच २०२१पर्यंतचं होतं आणि बरेच देश मागे राहिले.

आपल्याकडे नियम नाहीत असं मात्र नाही हं. २०१२चं डेटा शेअरिंगचं राष्ट्रीय धोरण आहे, १५ फेब्रुवारी २०२१च्या मार्गदर्शक सूचना आहेत आणि डिसेंबर २०२२चं राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण आहे. २०२१च्या सूचनांत तर स्वच्छ म्हटलंय की सरकारी पैशातून तयार झालेला नकाशा-डेटा, सुरक्षेच्या कारणाने गोपनीय ठरवलेला सोडून, भारतीय नागरिक-संस्थांना सहज मिळाला पाहिजे. इस्रोचं भुवन आहे, पाण्याच्या माहितीचं इंडिया-डब्ल्यूआरआयएस पोर्टल आहे, नागपूरला राज्याचं दूरसंवेदन केंद्र एमआरसॅक आहे, जलविज्ञानाचं ऑफिस तर तुमच्या नाशकातच दिंडोरी रोडला आहे. कमी पडतं ते हे की कोणत्या थराचा मालक कोण हे पक्कं नाही आणि न दिल्यास काही होत नाही. पोर्टलं आणखी दहा काढली तरी हे सुटणार नाही असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या प्रश्नचिन्हांचं सांगायचं राहिलं. शेपफाइलसोबत, अक्षरं कशी साठवलीत ते सांगणारी सीपीजी फाइल दिली नाही की देवनागरीचं असं होतं. शिवाय शेपफाइलमध्ये कॉलमच्या नावाला १० बाइटच मिळतात, देवनागरीच्या एका अक्षराला ३ लागतात, म्हणजे तीन अक्षरांत नाव संपलं. त्याऐवजी जिओपॅकेज या नव्या प्रकारची फाइल मागा, त्यात हा त्रासच नाही.

त्र्यंबक_पट्टा:
ताई, सगळं बरोबर पण आमच्याकडून पण एक बाजू ऐका. पश्चिम घाटाच्या इको सेन्सिटिव्ह, म्हणजे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा जो मसुदा आहे ना, ३१ जुलै २०२४ला सहाव्यांदा निघाला, सहा राज्यं मिळून ५६ हजारांच्या वर चौरस किलोमीटर, त्यात आपल्या जिल्ह्यातलीही गावं आहेत. आता बघा, गाडगीळ समितीने ९ बाय ९ किलोमीटरच्या आसपासच्या चौकटी पाडून हिशोब केला, कस्तुरीरंगन समितीने उपग्रहाच्या चित्रावरून केला आणि गावाचा २० टक्के किंवा जास्त भाग आत आला की अख्खं गाव आत. लोकांना मात्र हातात काय मिळतं, तर गावांच्या नावांची यादी. माझ्या गटाचं काय, डोंगराकडची पड आत आहे का खालची भाताची खाचरं आत आहेत, यादीवरून कसं कळणार. मग अफवा सुटतात, घर बांधता येणार नाही, शेती बंद होणार, आणि जंगल राखायला तयार असलेला माणूस पण विरोधात जातो.

मला जंगल पाहिजे, ब्रह्मगिरी फोडलेला मला बघवत नाही. पण सहा राज्यं आणि केंद्र यांच्यात जो डेटा फिरतो तो ग्रामसभेच्या भिंतीवर पण लागला पाहिजे, गट नंबरसकट, मराठीत. नाहीतर हरकतीसाठी ६० दिवस दिले त्याचा उपयोग काय.

आणि उलट बाजू पण आहे. अंजनेरीवर जी सेरोपेजिया अंजनेरिका आहे, जगात फारच थोड्या जागी उगवणारी कंदीलपुष्पाची जात, तिची नेमकी जागा कुणी नेटवर टाकू नका राव. गिधाडांच्या घरट्यांचं पण तेच.

नकाशेवाली:
@त्र्यंबक_पट्टा दादा, शेवटचा मुद्दा अगदी महत्त्वाचा. इन्स्पायरमध्येही दुर्मिळ जातींच्या जागा लोकांपासून राखून ठेवायची सोय आहे, पण वनखातं आणि रस्ता आखणारं खातं यांच्यात मात्र ती माहिती गेलीच पाहिजे, नाहीतर रस्ता नेमका तिथूनच जाईल. खात्याखात्यांत देणं वेगळं आणि सगळ्यांना खुलं करणं वेगळं, या दोन पायऱ्या सुट्याच ठेवायच्या.

गावांच्या यादीबद्दलही बोलते. नावावर जुळवाजुळव करू नका, पिंपळगाव आपल्या जिल्ह्यात किती आहेत तुम्हीच सांगा. पंचायतराज मंत्रालयाची एलजीडी कोडची यादी आहे, प्रत्येक गावाला एक क्रमांक. जनगणनेच्या २०११च्या कोडशी तो जोडून घ्या. राज्य आणि केंद्राच्या याद्या एकमेकींना लावायच्या तर हा क्रमांकच कामाला येतो.

गंगेकाठी:
खूप खूप आभार सगळ्यांचे. काकांनी सांगितलं तसं करून पाहिलं, एक थर जागेवर आला, नाला पार्किंगमधून बाहेर पडून पुलाखाली गेला 🙏 गाव नकाशे आता एकेक करून बसवतोय.

एकच राहिलं, पूररेषा. आमच्याकडे निळ्या आणि लाल रेषेचं चित्र आहे फक्त. २००८ सालच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं हे काठावरची म्हातारी माणसं भिंतीवर हात लावून दाखवतात, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी यावरून तर अख्खं नाशिक पूर मोजतं, पण रेषेचे आकडे हातात नाहीत. माहिती अधिकारात डिजिटल फाइल मागता येते का, का कागदच मिळतो?

शंकूसाखळी:
मागता येते. कायद्याच्या कलम २(ञ)मध्ये इलेक्ट्रॉनिक स्वरूपात माहिती घ्यायचा हक्क आहे आणि ७(९) म्हणतं की ज्या स्वरूपात मागितली त्याच स्वरूपात साधारणपणे द्यावी. अर्ज चुकीच्या खात्यात गेला तरी कलम ६(३)खाली त्यांनीच तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, तुम्हाला पत्र आणायला लावायचं काम नाही.

अर्जात मोघम "पूररेषेचा नकाशा" लिहू नका. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतला, तर प्रत्येक रेषेसाठी किती क्युसेक विसर्ग धरला, कोणत्या साली सर्वेक्षण झालं, नदीपात्राचे आडवे छेद कुठे कुठे घेतले आणि पातळी कोणत्या बेंचमार्कवरून (उंचीच्या ठरलेल्या खुणेवरून), असं तुटक तुटक विचारा. छेदांचे तक्ते मिळाले तर रेषा तुम्ही स्वतः काढून ताडून बघू शकता. होळकर पुलाजवळचा छेद आठवणीने मागा.

नकाशेवाली:
आणि तुमचा नकाशा झाला की त्याची माहितीही तशीच लिहा, कोणता थर कुठून, कोणत्या सालचा, किती मीटर इकडेतिकडे होऊ शकतो. वालदेवीचं झालं असेल तर आधी तेवढंच टाका इथे, मी तपासून देते.