मदत हवी आहे : नडगीसाठी कमरेचे हाड काढणे आवश्यक आहे का?

गोदाकाठ : पाथर्डी फाट्याजवळच्या अपघातात माझ्या धाकट्या दिरांच्या नडगीचे हाड मोडले. आत रॉड घालूनही ते जुळलेले नाही आणि आता डॉक्टर कमरेच्या हाडातून तुकडे काढून तिथे भरायचे म्हणतात. धडधाकट हाडाला हात लावण्याऐवजी तयार मिळणारा कृत्रिम चुरा का चालू नये? सोमवारी निर्णय कळवायचा आहे, कृपया लवकर लिहा.

सिन्नरकर : अपघाताला किती महिने झाले, जखम उघडी होती का, मधुमेह किंवा तंबाखू आहे का, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. त्याशिवाय काय सांगणार?

मखमलाबाद : माझ्या आईला ग्राफ्टनंतर, म्हणजे असे हाड काढून भरल्यानंतर, पायापेक्षा कमरच अधिक दुखत होती, जिन्याचा कठडा घट्ट धरून ती एकेक पायरी उतरत असे. आपण अस्थिपेढीतील दात्याचे हाड मागा, असे मी ठामपणे सांगेन.

अस्थिअभ्यासक : कमरेच्या दुखण्याबद्दल मखमलाबाद यांचे म्हणणे खरे आहे, परंतु सल्ला मला पटत नाही. स्वतःच्या हाडातून हाड घडवणाऱ्या जिवंत पेशी, त्यांना कामाला लावणारी प्रथिने आणि नव्या हाडाला आधार देणारी परांची अशा तिन्ही गोष्टी मिळतात. या प्रथिनांचा माग अमेरिकी अस्थिशल्यविशारद मार्शल यूरिस्ट यांच्या १९६५ मधील शोधनिबंधाने लावून दिला. प्रक्रिया केलेल्या दात्याच्या हाडात जिवंत पेशी उरत नाहीत आणि कॅल्शियम फॉस्फेटचा कृत्रिम चुरा मुख्यतः परांचीच पुरवतो. नडगीच्या खालच्या भागावर स्नायूंचे आवरण तुटपुंजे असल्याने तिथला रक्तपुरवठा मुळातच बेताचा असतो, म्हणून तिथे स्वतःचेच हाड भरणे मला योग्य वाटते.

इंदिरानगर : माझ्या दाताच्या इम्प्लांटआधी जबड्यात चुराच भरला होता आणि तो उत्तम जुळला.

सिन्नरकर : जबड्यातील लहानशी पोकळी आणि शरीराचा भार पेलणारी नडगी यांची तुलना होऊ शकत नाही.

गोदाकाठ : अपघात फेब्रुवारीत झाला, जखम उघडी होती, मधुमेह नाही. सिगारेट ओढतात, पण त्याचा हाडाशी काय संबंध?

अस्थिअभ्यासक : फार जवळचा संबंध आहे. भरलेले हाड कायमचे तसेच राहत नाही. ऑस्टिओक्लास्ट पेशी ते हळूहळू पोखरतात, ऑस्टिओब्लास्ट त्याजागी नवे हाड रचतात आणि त्यासाठी तिथे नव्या रक्तवाहिन्या पोहोचाव्या लागतात. निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते, म्हणून सिगारेट आजच थांबवायला हवी. शिवाय जखम उघडी होती, तेव्हा आत जंतुसंसर्ग दबून राहिलेला नाही ना, हे सोमवारी डॉक्टरांना प्रथम विचारा. संसर्ग असेल, तर तो आटोक्यात येईपर्यंत कोणताही ग्राफ्ट भरणे धोक्याचे ठरते.