गुडघा बदलून पाच आठवडे झाले, दुखणं आहेच पण रडूही थांबत नाही

निवृत्तबाई

नमस्कार सगळ्यांना. रात्रीचे पावणेतीन वाजलेत, झोप येत नाही म्हणून लिहितेय. वय ६३, जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं शिकवलं, आता रिटायर. उजव्या गुडघ्यातली गादी पार झिजली होती, एक्स-रेत हाडाला हाड लागलेलं दिसत होतं आणि डॉक्टर दोन वर्षांपासून बदलून घ्या म्हणत होते, पण मीच आपल्या सोलापूरची गड्ड्याची जत्रा होऊ दे, संक्रांतीला नंदीध्वज बघून आले की मग करते असं करत करत पुढं ढकललं. शेवटी फेब्रुवारीत केलं. आज पाच आठवडे झाले.

ऑपरेशन छान झालंय म्हणतात. टाके सुकलेत, वॉकर सुटला, काठीवर घरातल्या घरात चालते. पण दिवसा कसंतरी निभतं, रात्री अंग टाकलं की गुडघा आतून ठणकायला लागतो, हात लावला तर गरम लागतो, आणि बाहेरच्या बाजूला तळहाताएवढी जागा बधिर आहे, दुसऱ्या कुणाचं कातडं चिकटवल्यासारखी. कूस बदलता येत नाही. त्यात आपल्याकडचा उन्हाळा, पंख्याचा वारासुद्धा भाजतो.

आणि खरं सांगायचं तर दुखण्यापेक्षा दुसरंच काहीतरी झालंय. मला रडू येतं. परवा संध्याकाळी समोरच्या घरात भाकरी थापायचा आवाज येत होता. मी आयुष्यात कधी ओट्यावर भाकरी केली नाही, काटवट खाली घेऊन पाटावर बसूनच थापली, आणि एकदम डोक्यात आलं की आता आपण परत कधी खाली बसणार नाही. तासभर रडत होते. ह्यांनी कडक भाकरी चुरून, शेंगाचटणीत दही कालवून ताट आणलं तर मी ते सरकवून दिलं. चाळीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं. हे काही बोलले नाहीत, ताट झाकून ठेवलं, ते बघून अजूनच कसंतरी झालं.

जाऊबाई पंधराव्या दिवशी जिना चढल्या होत्या. मुलगा पुण्याहून फोन करतो, आई व्यायाम कर ना, मी हो म्हणते आणि करत नाही, व्यायाम म्हटलं की पोटात गोळाच येतो. फिजिओ घरी यायचे ते तिसऱ्या आठवड्यात मीच बंद केले. कधीकधी वाटतं जुना गुडघाच बरा होता, कशाला कापून घेतलं. नको वाटतं सगळं. तपासणीला गेले तर डॉक्टर एक्स-रे बघून "एकदम मस्त" म्हणाले, मग त्यापुढं मी काय सांगणार.

असं कुणाला झालंय का? किती दिवस चालतं? का माझ्यातच काही कमी आहे?

शेळगीकर

ताई मन खंबीर ठेवा, सगळं ठीक होतं. माझ्या सासूबाईंचं पण झालंय. एक सांगते, त्या दुखण्याच्या गोळ्या जास्त घेऊ नका, किडनीवर येतात, जेवढं सोसता येईल तेवढं सोसा. तिळाच्या तेलानं पाय रोज चांगला चोळून घ्या. आणि रडायचं नाही, घरातली बाई रडली की घर खचतं. स्वामी पाठीशी आहेत.

अण्णा_७१

शेळगीकर ताई, तुमची माया कळते पण "सोसा" हे मला अजिबात पटत नाही. माझे दोन्ही गुडघे झालेत, मधे दीड वर्षाचं अंतर. पहिल्या वेळी मी हेच केलं, गोळी नको, सोसू. मग दुखतंय म्हणून वाकवला नाही, वाकवला नाही म्हणून आखडला, आणि आखडला म्हणून आणखी दुखला. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी दिलेली गोळी वेळेवर घेतली, व्यायामाच्या अर्धा तास आधी, आणि दोन्ही वेळांत जमीन-अस्मानाचा फरक पडला. किडनीची धास्ती असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारायचं, रक्त तपासून कुठली गोळी चालेल ते सांगतात. आपल्या मनानं बंद करायची नाही.

बाई, रात्रीचं ठणकणं माझं अडीच-तीन महिन्यांनी गेलं. गरमपणा आणि सूज सहा महिने होती. ती बधिर जागा अजून थोडी आहे, आता लक्षातही येत नाही.

आणि ती तुलना आधी बंद करा. मला सगळे वाजपेयींचं सांगायचे, पंतप्रधान असताना २००० साली एक गुडघा बदलला, २००१ साली दुसरा, आणि देश चालवला, तुम्हाला काय झालं. अहो त्यांच्या रात्री कुणी बघितल्या? पेपरात रात्री छापून येत नाहीत. जाऊबाईंना पण एकदा विचारा, पंधराव्या दिवशी जिना चढल्या ते खरं असेल, पण त्या रात्री झोप लागली का.

रडण्याचं म्हणाल तर मी पुरुष असून रडलोय, न्हाणीत नळ सोडून. कुणाला कळू दिलं नाही हीच माझी चूक झाली.

विडीवालीचा_लेक

बाई मी अक्कलकोट रोडला राहतो. आमची आई चाळीस वर्षं विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आन तंबाखू, सकाळी बसली की हजार विडी होईपर्यंत उठायची नाही. दोन्ही गुडघे गेले. तीन वर्षांमागं ऑपरेशन केलं, चांगलं झालं, आन त्यानंतर ती बोलायचीच बंद झाली. भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. आमाला वाटलं दुखूलालंय. डॉक्टर विचारायचे दुखतंय का, तर नाही म्हणायची.

आमच्या घरात तेलुगू बोलतात. शेवटी बहिणीनं आमच्या भाषेत विचारलं तवा म्हणाली नोप्पी नाही, बाध आहे. नोप्पी म्हणजे अंगाचं दुखणं, बाध म्हणजे जिवाचं. डॉक्टर नोप्पी विचारत होते ओ, बाध कुणी विचारलीच नव्हती. आमी पण नाही.

तिचं काय झालं होतं तर खाली बसता येत नाही म्हणजे काम गेलं, आन काम गेलं म्हणजे गल्लीतल्या बायका पण गेल्या, कारण त्या सगळ्या दारात खाली बसून विड्या वळत बोलत असायच्या आन ही आत पलंगावर एकटी. मग मी एक उंच लाकडी खुर्ची दारात नेऊन ठेवली. पहिले दोन दिवस बसेना, सगळ्या खाली आन मी वर कशी बसू म्हणून लाजूलाली. तिसऱ्या दिवशी शेजारची मावशी स्वतःच्या घरातनं प्लास्टिकची खुर्ची उचलून आली आन हिच्या बाजूला बसली. काही बोलली नाही, बसली फक्त. त्या दिवशी आई संध्याकाळपर्यंत दारातच.

आन बाधेचं आमी डॉक्टरला सांगितलं. त्यांनी मनाच्या डॉक्टरकडं पाठवलं, सात महिने गोळी होती, मग त्यांनीच हळूहळू कमी करून बंद केली. आता ती विडी नाही वळत पण खुर्चीत बसून पानं कातरून देते. तुमी पण काटवट टेबलावर घ्या की बाई, खुर्चीत बसून भाकरी येते. पहिल्या चार फाटतील.

फिजिओ_जुळेसोलापूर

काकू, मी गेली अकरा वर्षं गुडघ्याचेच पेशंट बघते. तुमच्यात काही कमी नाही. गरम लागणं, सूज, बाहेरची बधिर जागा, चालताना कधी टक असा आवाज, हे सगळं बहुतेकांना होतं. चीर देताना कातडीच्या बारीक नसा कापल्या जातात म्हणून ती जागा बधिर होते. गुडघा पूर्ण बरा व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं, हे ऑपरेशनच्या आधी नीट सांगायला पाहिजे पण गडबडीत राहून जातं, आणि मग पेशंटला वाटतं महिन्यात बरी झाले नाही म्हणजे माझंच चुकतंय.

रात्री जास्त का दुखतं तर दिवसभर पाय खाली लोंबून सूज साचते, आणि आडवं झाल्यावर लक्ष दुसरीकडं न्यायला काही नसतं. झोप नाही झाली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त जाणवतं, आणि दुखलं की मन उतरतं, मन उतरलं की व्यायाम होत नाही. त्यामुळं उदासी ही वेगळी गोष्ट म्हणून बाजूला ठेवू नका, ती पण ऑपरेशननंतरच्या तपासणीत सांगायचीच गोष्ट आहे. त्यात काही दुखण्याच्या गोळ्यांनी गुंगी येते, पोट साफ होत नाही, काहींना मनाला मळभ येतं, तर सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांपुढं ठेवा. नसांसाठीची गोळी असेल तर ती एकदम बंद करू नका, विचारून कमी करतात. थायरॉइड, बी-१२, डी जीवनसत्त्व आणि शुगर बघितली का तेही विचारा. मनाच्या डॉक्टरांकडं गेलात तर त्यांनाही सगळ्या गोळ्या दाखवा, काही दुखण्याच्या आणि काही उदासीच्या गोळ्या एकत्र चालत नाहीत.

आता एक प्रश्न, आणि खरं उत्तर द्या. रात्री गुडघ्याखाली उशी किंवा गुंडाळलेली चादर ठेवता का? दहापैकी आठ जणी ठेवतात कारण त्यानं लगेच बरं वाटतं. पण त्यानं गुडघा किंचित वाकलेल्या स्थितीतच आखडतो, मग सरळ होत नाही, चालताना लंगडं वाटतं आणि मांडीचा स्नायू थकतो. चादर गुंडाळायचीच असेल तर टाचेखाली ठेवा, गुडघा मोकळा सोडा, दिवसातून चार-पाचदा दहा दहा मिनिटं. सुरुवातीला मागची शीर ओढल्यासारखं होईल.

बर्फ टॉवेलात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, कातडीला थेट नको. या उन्हात बर्फ टिकत नाही, लाइट गेली तर फ्रीजही बंद, म्हणून पाण्याच्या छोट्या बाटल्या गोठवून ठेवा. पलंगाच्या कडेला बसून पाय हळूच मागं ओढायचा, पाच सेकंद धरायचा. एका वेळी दहा मिनिटंच पण दिवसातून चारदा. तासभर एकदम करून दोन दिवस पडून राहायचं नाही. पाच आठवडे झालेत, ९० अंशाच्या पुढं वाकत नसेल तर याच आठवड्यात सर्जनना दाखवा. फार उशीर झाला तर भूल देऊन वाकवायची वेळ येते आणि तेही जितकं लवकर तितकं बरं.

शेळगीकर ताई, पाय चोळणं मात्र नको, विशेषतः पोटरी. ऑपरेशननंतर पोटरीत रक्ताची गुठळी होऊ शकते. पोटरी एकदम सुजली, दुखली तर त्याच दिवशी दाखवायचं, आणि दम लागला किंवा छातीत दुखलं तर थांबायचंच नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, लाली वाढत जाणं, हेही थांबायचं नाही.

काकू, शेवटचं विचारते, राग मानू नका. "नको वाटतं सगळं" हे जगायचंच नको इथपर्यंत जातं का? जात असेल तर आजच काकांना सांगा. टेली-मानस म्हणून सरकारी फोन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. तिथपर्यंत गेलं नसलं तरी रात्री तीनला बोलायला कुणी नसेल तर लावा.

निवृत्तबाई

सगळ्यांचे वाचले, दोनदा वाचले. फिजिओ ताई, जगायचं नको इथपर्यंत नाही, देवाशपथ नाही, पण विचारलंत म्हणून बरं वाटलं. आणि चादर, हो. पहिल्या रात्रीपासून. आमची जाड सोलापुरी चादर, चौघडी करून गुंडाळून गुडघ्याखाली. मला वाटायचं तेवढी एकच गोष्ट मी बरोबर करतेय.

अण्णा, जाऊबाईंना फोन केला. त्या दोन मिनिटं गप्पच राहिल्या, मग म्हणाल्या तीन महिने हॉलमध्ये बसून रात्र काढली, कुणाला सांगू नकोस.

विडीवालीच्या लेका, बाध शब्द वाचून मी ह्यांना उठवलं, पहाटे साडेतीनला. ते लाइट लावून बसले. मी सांगत गेले, ते ऐकत गेले. ह्यांना इतके दिवस वाटत होतं मी त्यांच्यावर रागावलेय.

निवृत्तबाई

बारा दिवसांनी लिहितेय. डॉक्टरांकडं जाऊन आलो. या वेळी एक्स-रे बघायच्या आधीच मी म्हणाले डॉक्टर, मला रोज रडू येतंय, झोप नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. एक गोळी बदलली, रक्त तपासायला दिलं, बी-१२ बरंच कमी निघालं, त्याची इंजेक्शनं चालू आहेत. दोन आठवडे बघू, फरक नाही पडला तर मनाच्या डॉक्टरांकडं चिठ्ठी देतो म्हणाले. मी म्हणाले चिठ्ठी आजच द्या, पुढच्या सोमवारी जाणार आहे. गुडघा ८४ वाकत होता, फिजिओ परत चालू केले, काल ९२ झाला. चादर टाचेखाली ठेवते, पहिले तीन दिवस जीव गेला, आता सोसवतं. रात्री अजून जाग येते, रडू अजून येतं, रोज नाही येत.

भाकरी टेबलावर केली. दोन फाटल्या, तिसरी फुगली. ह्यांनी फाटलेल्या खाल्ल्या.

विडीवालीच्या लेका, एक काम आहे. आईंना विचारून त्या खुर्चीची उंची कळवशील का? सुतार माप मागतोय.

विडीवालीचा_लेक

मोजली बाई, बसायची फळी जमिनीपासनं एकोणीस इंच. आई म्हणते दोन्ही बाजूला हात टेकायला दांडी पाहिजेच, आन खालची बाजू मोकळी ठेवायला सांगा, उठताना पाय मागं घेता आला पाहिजे.